‘नुसतं नाव द्यायचंय’ म्हणून ट्रस्टी होण्याआधी

गेल्या रविवारी मावसभावाचा फोन आला. चेंबूरला राहतो, औषध कंपनीत पंचवीस वर्षं काढली, आता रिटायर झालाय आणि घरात वहिनीच्या पायात पायात येतोय. म्हणाला, "अरे, गोवंडीत एक संस्था आहे, छोटा दवाखाना चालवतात, गरोदर बायकांची तपासणी, बीपी-शुगर, टीबीवाल्यांचा फॉलोअप वगैरे. मला ट्रस्टी व्हा म्हणतायत. काही करायचं नाही म्हणे, नुसतं नाव द्यायचंय, वर्षातून दोन सह्या. होऊ का?"

मी म्हटलं दादा, नुसतं नाव कोणी मागितलं ना की आधी दोन पावलं मागे सरकायचं आणि मग बोलायचं.

मी दादरला एका सीएकडे काम करतो, सतरा वर्षं झाली, आमच्याकडे ट्रस्टांच्या फायली ढिगाने, देवळं, शाळा, ज्ञातीची मंडळं, आणि आरोग्याचं काम करणाऱ्या संस्था. ह्या शेवटच्या फायली मला सगळ्यात जास्त आवडतात आणि डोकं पण त्याच खातात. दादाशी तासभर जे बोललो तेच इथे टाकतोय, कारण वर्षातून तीन-चार जण तरी हाच प्रश्न विचारतात की अशी संस्था नक्की चालवतं कोण, आणि त्यात आपण शिरलो तर आपलं काम काय.

आधी कागद. महाराष्ट्रात धर्मादाय संस्थांसाठी १९५० चा कायदा आहे, पूर्वी त्याला बॉम्बे पब्लिक ट्रस्ट्स ॲक्ट म्हणायचे, आता महाराष्ट्र लागलं पुढे. ट्रस्ट असेल तर ट्रस्ट डीड. सोसायटी असेल तर १८६० चा कायदा, त्याला किमान सात माणसं लागतात, आणि आपल्याकडे सोसायटीचीही चॅरिटी ऑफिसला, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे, ट्रस्ट म्हणून नोंद होते. तिसरा प्रकार सेक्शन एट कंपनी, म्हणजे नफा न वाटणारी, समाजकामाची कंपनी, तिथे ट्रस्टीऐवजी डायरेक्टर. नावं वेगळी, पण डोक्यावरची जबाबदारी साधारण एकच. ट्रस्टच्या बाबतीत खरा कागद म्हणजे पीटीआर, चॅरिटी ऑफिसच्या ट्रस्ट नोंदवहीचा उतारा, आपण परिशिष्ट एक म्हणतो तो. भिंतीवरच्या बोर्डावर कोणाचंही नाव असू दे, वार्षिक अहवालात कोणाचाही फोटो असू दे, त्या उताऱ्यावर ज्याचं नाव तो ट्रस्टी. एखादा ट्रस्टी गेला, नवीन आला, राजीनामा दिला, की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट टाकायचा असतो.

आणि तो कोणी टाकत नाही. म्हणजे टाकतात, पण "बघू नंतर" करत करत.

माझ्याकडे एक फाईल होती, नाव नको. वस्तीतल्या बायकांसाठी फार सुंदर काम करणारी संस्था, स्थापना केलेले डॉक्टर म्हणजे देवमाणूस, शब्दशः लोक पाया पडायचे. ते गेले. मग बँक म्हणाली सही करणाऱ्यांची नावं बदलायची तर चॅरिटीचा उतारा आणा. उतारा काढला तर पाच ट्रस्टींपैकी दोघं आधीच वारलेले, एक अमेरिकेत मुलाकडे, आणि गेली अकरा वर्षं जे दोघं मीटिंगला बसून सह्या करत होते त्यांची नावंच नाहीत उताऱ्यावर! तीन महिने नर्सचे पगार अडकले. त्यातल्या एका नर्सने मला विचारलं होतं, "साहेब, आम्ही तर रोज येतोय कामावर, मग संस्था बंद कशी?" मला काय उत्तर द्यावं कळेना. चूक कोणाची म्हणाल तर त्या देवमाणसाची, कारण त्यांनी आयुष्यभर पेशंट बघितले आणि आपल्यानंतर काय हे एकदाही बघितलं नाही, आणि चूक त्या ट्रस्टींची, ज्यांनी नुसतं नाव दिलं होतं.

आता मुख्य मुद्दा, जो समजला की बाकी आपोआप समजतं. अशा संस्थेला मालक नसतो. डॉक्टर म्हणू देत "माझी संस्था", पण ती त्यांची नाही, ट्रस्टींचीही नाही, ते फक्त सांभाळणारे. मुंबईत हे समजवायला सोपं आहे कारण आपण सगळेच हौसिंग सोसायटीत मार खाल्लेले लोक. कमिटी ठरवते की टाकी बदलायची, मॅनेजर प्लंबर बोलावतो. कमिटीचा चेअरमन पाना घेऊन टाकीवर चढायला लागला तर गोंधळ, आणि मॅनेजरच कमिटी झाला तर त्याहून मोठा गोंधळ. संस्थेत तसंच, ट्रस्टींनी दिशा ठरवायची, पैशावर नजर ठेवायची, डायरेक्टर किंवा सीईओ निवडायचा आणि गरज पडली तर बदलायचा, रोजचं काम त्या सीईओचं.

पण सोसायटीत आणि संस्थेत एक फरक आहे. सोसायटीत पाणी आलं नाही तर सहाव्या मजल्यावरचे काका पाच मिनिटांत खाली येऊन बोंब मारतात, कारण ते मेंटेनन्स भरतात आणि त्यांना मत आहे. संस्थेच्या दवाखान्यात आलेली बाई पैसे भरत नाही आणि तिला मतही नाही. डॉक्टर दोन तास उशिरा आला, औषध संपलं, कोणी तुसडेपणाने बोललं, तर ती काय करणार? गप्प बसणार, पुढच्या वेळी येणार नाही, बस. पैसे देणारा बसलाय बीकेसीत काचेच्या ऑफिसात, आणि सेवा घेणारी बसलीय गोवंडीतल्या शिवाजीनगरच्या गल्लीत. दुकानदाराला गिऱ्हाईक तुटलं की गल्ल्यावर लगेच कळतं. इथे गल्ला भरलेला राहतो आणि गिऱ्हाईक तुटलेलं असतं! म्हणून ट्रस्टी लागतो. जी बोंब ती बाई मारू शकत नाही ती मीटिंगमध्ये कोणीतरी मारावी म्हणून.

हे ऐकून दादा म्हणाला, "म्हणजे भांडायला जायचं?" हो, थोडंसं. पण चहा-बिस्किटं खाऊन.

आता पैसा काम कसं वाकवतो ते बघा, कारण नेतृत्व नेतृत्व म्हणतात त्यातलं निम्मं इथेच असतं. समजा संस्थेने कॅम्प घेतला. मंडप, बॅनर, दोनशे लोकांची तपासणी, त्यात चाळीस जणांचं बीपी वाढलेलं निघालं. फोटो झाले, डोनर खूष, रिपोर्टमध्ये दोनशे आकडा. पण त्या चाळीस जणांचं पुढे काय? बीपीची गोळी रोज घ्यायची असते, वर्षानुवर्षं, बरं वाटायला लागलं तरी. त्यातला एक जरीकाम करतो, एक रिक्षा चालवतो, एकीला नवरा म्हणतो काही झालेलं नाही तुला. त्यांच्या मागे दर महिन्याला कोणीतरी जायला पाहिजे, महापालिकेच्या दवाखान्यात त्यांची नोंद करून द्यायला पाहिजे, गोळ्या तिथे फुकट मिळतात पण तिथवर जायची सवय लावायला पाहिजे. ह्या कामाचा फोटो निघत नाही. टीबीचं तर अजून स्पष्ट, साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा, दोन महिन्यांत खोकला थांबतो आणि माणूस गोळ्या सोडतो, आणि सोडल्या की आजार उलटतो, औषधाला न जुमानणारा होऊन बसू शकतो. सरकार पोषणासाठी महिन्याला पैसे देतं, २०१८ पासून ५०० होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० केले, पण ते खात्यात पडायला खातं पाहिजे, आधार जोडलेला पाहिजे, आणि भाड्याची खोली दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या माणसाचे हे कागद कोण जुळवणार? संस्थेची ताई जुळवते, म्हणजे वस्तीत घरोघर फिरणारी कार्यकर्ती. तर चांगला सीईओ तो, जो डोनरला तोंडावर सांगतो की साहेब, दोनशेचा कॅम्प नको, चाळीस जणांचा वर्षभराचा फॉलोअप द्या. आणि डोनर नाही म्हणाला तर तो चेक सोडतो. सोडायला छाती लागते, आणि मागे ट्रस्टी उभे लागतात.

पैशाचे नियम थोडे सांगतो, कंटाळा आला तरी वाचा कारण सगळी गंमत त्यातच आहे. कंपन्यांचा सीएसआर म्हणजे २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५, मोठ्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकामावर खर्च करायचे. पैसा वर्षाच्या हिशोबाने चालतो, म्हणून फेब्रुवारी-मार्च आला की फोन यायला लागतात, "तुमच्याकडे काही प्रोजेक्ट आहे का, लवकर सांगा." आता बाळ काही एप्रिल ते मार्च बघून जन्माला येत नाही, पण प्रोजेक्ट येतो.

सीएसआरमध्ये एक गैरसमज इतका पसरलाय की मी रेकॉर्ड करून ठेवावं म्हणतो. नियमात प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. संस्थेच्या खर्चावर नाही! पण कंपनीचा माणूस मीटिंगमध्ये सांगतो "ॲडमिन ५ टक्क्यांवर चालणार नाही हं", आणि समोरचा संस्थावाला मान डोलावतो. मग अकाउंटंट अर्ध्या पगाराचा, भाडं कुठल्यातरी दुसऱ्या हेडखाली कोंबलेलं, आणि सीईओ स्वतः रात्री बारा वाजता एक्सेल भरतोय. नियम काय आहे हे माहीत असलेला एक ट्रस्टी जरी त्या मीटिंगला असता तरी चित्र वेगळं झालं असतं.

परदेशातून पैसा येत असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. २०२० ला त्यात बदल झाले, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्के झाली, आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि परदेशी पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एकाच मुख्य शाखेतल्या खात्यात येतो. ह्याचा फटका छोट्यांना बसला, कारण आधी एखादी मोठी संस्था परदेशी निधी घ्यायची आणि वस्तीतल्या चार छोट्या मंडळांना त्यातून काम द्यायची, ती वाट बंद. दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार मात्र त्या प्रशासकीय खर्चात धरत नाहीत, हे पण कित्येकांना माहीत नसतं. आणि इन्कम टॅक्सची सूट टिकवायची तर त्या वर्षीच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी कामावर लागले पाहिजेत, नाहीतर पैसा पुढे न्यायचा रीतसर फॉर्म भरा, कारण लिहा, मुदत पाळा. म्हणजे वाईट दिवसांसाठी गंगाजळी साठवणं तसंही अवघड, आणि डोनर विचारणार "तुमच्याकडे तर शिल्लक दिसतेय, मग आमचे पैसे कशाला?" मी असले प्रश्न ऐकले की पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघतो.

हे सगळं गणित एका क्षणात कसं उलटंपालटं होतं ते गोवंडीनेच दाखवलं. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे गोवराची साथ आली, लहान मुलं दगावली. गोवंडी ज्यात येतं तो पालिकेचा एम पूर्व वॉर्ड म्हणजे देवनारचं डंपिंग ग्राउंड, कत्तलखाना, पुनर्वसनाच्या चिकटून उभ्या इमारती, सगळं एकाच वॉर्डात, आणि लसीचे डोस राहून गेलेली मुलं खूप. पालिकेने जादा डोसची मोहीम काढली, पण लस असणं आणि आईने दार उघडणं ह्यात फार अंतर असतं, मौलानांपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना धरून बोलावं लागलं. आता विचार करा, अशा वेळी संस्थेकडे वीस ताया आहेत, त्यांना गल्ली अन् गल्ली माहीत, पण त्यांचा पगार येतो कुपोषणाच्या प्रोजेक्टमधून आणि करारात गोवर हा शब्दच नाही. त्यांना गोवरावर लावलं तर टार्गेट चुकणार आणि डोनर यूसी, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, मागताना विचारणार. नाही लावलं तर... नाही कसं लावणार? अशा वेळी जो त्याच दुपारी ताया कामाला लावतो आणि संध्याकाळी डोनरला फोन करून "हे करतोय, हेड बदलून द्या" म्हणतो त्याला मी नेता म्हणेन. परवानगीचा मेल पाठवून चार दिवस वाट बघणाराही कायद्याने चुकत नाही म्हणा.

दादाने मधेच विचारलं, "पण सीईओ डॉक्टरच पाहिजे ना?" हा प्रश्न सगळे विचारतात. माझं मत, नाही. डॉक्टर लागतोच, पण वर बसायला डॉक्टरच लागतो असं नाही. मुंबईतलंच उदाहरण घ्या, स्नेहा ही संस्था. डॉ. आर्मिडा फर्नांडिस सायन हॉस्पिटलमध्ये नवजात बाळांच्या डॉक्टर, पुढे तिथल्या डीन, १९८९ ला आशियातली पहिली मानवी दुधाची बँक त्यांनी सायनलाच उभी केली. इतकं सगळं करून त्यांना दिसत होतं की धारावीतून बाळ आपल्यापर्यंत येतं तोवर उशीर झालेला असतो, बिघाड वॉर्डाच्या बाहेर आहे, आईच्या जेवणात, घरातल्या मारहाणीत, बाळंतपणाला कुठे जायचं हेच माहीत नसण्यात. म्हणून १९९९ ला संस्था काढली. पण मला त्यांचं खरं कौतुक पुढच्या गोष्टीसाठी वाटतं, की संस्था त्यांच्याभोवतीच फिरत राहिली नाही. नंतर कित्येक वर्षं तिथे सीईओ होत्या व्हेनेसा डिसूझा, ज्या आधी सिटीबँकेत होत्या. बँकेतली बाई वस्तीतल्या आरोग्याचं काय चालवणार असं कोणीतरी नक्की म्हणालं असेल. पण शेकडो माणसांचे पगार, डझनभर डोनरांचे वेगवेगळे रिपोर्ट, पालिकेबरोबर काम, हे चालवायला स्टेथोस्कोप लागत नाही. डॉक्टरला डॉक्टरकी करू द्यावी.

स्थापना करणाऱ्याने खुर्ची सोडणं ही ह्या क्षेत्रातली सगळ्यात अवघड शस्त्रक्रिया आहे, आणि ती स्वतःवरच करायची असते. मी बघितलेत असे लोक जे मॅनेजिंग ट्रस्टीपद सोडतात, "सल्लागार" होतात आणि मग रोज सकाळी दहाला येऊन बसतात.

आणि खालचं नेतृत्व, ज्याला कोणी नेतृत्व म्हणत नाही. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे जामखेडला १९७० पासून जे करत होते त्याचा गाभाच हा की गावातली बाई, शाळेचं तोंडही न बघितलेली, शिकवली तर आरोग्य सांभाळू शकते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्चने गावातल्या बायकांनाच घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, बालमृत्यू खाली आले, १९९९ ला लॅन्सेटमध्ये ते छापूनही आलं. मुंबईत अंतर किलोमीटरचं नाही, केईएम आणि सायन लोकलने गाठता येतात, पण भीती, पैसा, केसपेपरची रांग आणि बुडालेली रोजी हे अंतर आहेच. ते अंतर ताईच कापते. संस्थेत कोणाच्या घरी काय चाललंय हे फक्त तिला माहीत असतं, आणि बोर्ड मीटिंगला तिला चहा आणायला बोलावतात! तिला अजेंड्यावर अर्धा तास द्या ना. आणि तिची सुरक्षा पण बघा, एकटी बाई संध्याकाळी अनोळखी घरात शिरते, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते, २०१३ चा कायदा आहे, संस्थांना सूट नाही. मी विचारतो तेव्हा निम्म्या ठिकाणी म्हणतात "आमच्याकडे तसं वातावरण नाही हो." वातावरण नाही, समिती आहे का ते सांगा.

अजून एक, सरकारी माणसाशी जमवून घेणं. वॉर्डाचा एमओएच म्हणजे आरोग्य अधिकारी, हेल्थ पोस्टवरची एएनएम म्हणजे नर्स, पालिकेच्या आरोग्य सेविका, ह्यांच्याशिवाय वस्तीत पान हलत नाही. काही संस्था पालिकेवर टीका करून टाळ्या मिळवतात, काही नुसत्या हांजी हांजी करतात. दोन्ही करून बघितलेला सीईओ मला एकदा म्हणाला की एमओएचच्या केबिनबाहेरच्या बाकड्यावर बसणं हेच माझं मुख्य काम आहे. मला पटलं ते.

तर दादाला शेवटी म्हटलं, हो म्हणायच्या आधी एकदा गोवंडीला जा, ओपीडीच्या वेळेला, न सांगता, आणि बाकड्यावर पेशंटसारखा बसून ये. मग पीटीआरचा ताजा उतारा माग, गेल्या तीन वर्षांची ऑडिटेड बॅलन्सशीट माग आणि मीटिंगांची इतिवृत्तं माग. इतिवृत्तात प्रत्येक ठराव "सर्वानुमते मंजूर" असेल तर समज तिथे कोणी बोलत नाही. आणि त्यांना विचार, डायरेक्टर उद्या आजारी पडले तर परवा चेकवर सही कोण करणार?

तो म्हणाला, "एवढं विचारलं तर नको म्हणतील मला." मी म्हटलं म्हणू देत, कळलं ना मग.

काल रात्री त्याचा मेसेज आला. "जाऊन आलो. दीड तास बसलो, एक ताई आहे तिथे, सगळं तीच चालवते. पीटीआर मागितला. म्हणाले, शोधतो."